पूर्णविरामापुढचे दोन ठोके

सर, तुमच्या शोकसभेतून मी मधूनच उठून आले. कोणाच्या लक्षात आलं असेल तर त्यांना वाटलं असेल, बिचारीला रडू आवरलं नाही. रडू नव्हतं आलं. किळस आली होती.

तुम्ही गेल्यानंतर अकराव्या दिवशी पवनीतल्या एका मंगल कार्यालयात ही सभा झाली. तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेले, आता कुठल्या कुठल्या ऑफिसात खुर्च्या धरून बसलेले साठ-सत्तर लोक जमले होते. मागे फ्लेक्स. त्यावर तुमचा कोणाच्या तरी लग्नातला फोटो, शेजारच्या माणसाचा अर्धा खांदा तसाच ठेवलेला. खाली चार वाक्यं, चारही एकमेकांना चिकटलेली. पूर्णविराम पडला की त्याला खेटूनच पुढचं अक्षर. ज्या माणसाने जन्मभर या गावाला वाक्य संपल्यावर जागा सोडायला शिकवलं, त्याच्याच श्रद्धांजलीत एका ठोक्याची जागा कोणाला सोडता आली नाही. आणि हा फ्लेक्स करणारा तुमचाच विद्यार्थी. हे त्याने माइकवर स्वतःच सांगितलं, वर टाळ्याही घेतल्या.

मग एक मोठे बाबू बोलायला उठले. म्हणाले, "सर शेवटपर्यंत त्या दोन स्पेसवर अडून होते बरं का. पण जायच्या आधी मले सांगतलं त्याईनं. म्हणे, त्या पोरीनं लय कोशिश केली, पण मशीनच ऐकत नाही, एकच जागा ठेवते. म्हंजे पाहा, आपले सरबी कॉम्प्युटरसमोर हरले." सगळे हसले. प्रेमानेच हसले. ती पोरगी म्हणजे मी. दुसऱ्या रांगेत बसले होते, आणि मीही हसले.

त्या हसण्याचा वास अजून माझ्या तोंडातून जात नाही. मशीन ऐकत होती की नव्हती, हे त्या अख्ख्या सभेत फक्त मला माहीत होतं. तुम्हाला ते सांगायचं राहून गेलं. आता सांगते, पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर मधेच माझी जीभ पुन्हा अडखळेल.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझी बारावी झाली होती. आसगावहून सकाळच्या बसने यायची. तुमच्या घराची पुढची खोली, जिथे तुमच्या वडिलांच्या काळी माग चालायचा, तिथे बारा मशिनी मांडलेल्या. मागाचा खड्डा बुजवून तुम्ही वर फरशी घालून घेतली होती, ती एका बाजूने खचलेली, आणि माझं टेबल नेमकं तिथेच. प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज सरकवलं की टेबल डुगडुगायचं. तुम्ही खोलीत कधी बसलाच नाहीत. ओसरीत खुर्ची टाकून डोळे मिटून पडायचात. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, मास्तर झोपले. बारा मशिनींच्या खडखडाटातून कोणाचा कोणता ठोका चुकला ते तुम्ही तिथून ऐकायचात. वाक्य संपलं की स्पेसच्या लांब पट्टीवर दोन ठोके पडले पाहिजेत. एकच पडला की तुमचे डोळे उघडायचे. मला ही थाप वाटली होती. म्हणून मी एकदा मुद्दाम एकच ठोका दिला आणि ओसरीकडे पाहिलं, तर तुम्ही माझ्याकडेच पाहून राहिला होता.

"सर, एकच जागा सोडली तर काय बिघडते?" मी विचारलं होतं.

"बिघडत काही नाही वं. पण वाक्य संपलं का वाचणारा दम घेते. एक ठोका शब्दाचा, दुसरा त्याच्या दमाचा. घेऊ दे नं त्याले दम. तुह्या घरचं काय जाते?"

घरचं काही जात नव्हतं, पण डोकं जात होतं. त्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत आईसोबत बांधीत उतरले, तर दोन रोपांमध्ये जागा सोडतानाही तुमचाच आवाज ऐकू येऊ लागला. चिखलात उभी राहून मी तुमच्यावर चिडले होते. म्हटलं, इथेही हे सर पिच्छा सोडत नाहीत.

मग मी डीटीपी शिकायला नागपूरला गेले आणि पहिल्याच आठवड्यात तुमचा नियम माझ्या तोंडावर येऊन आदळला. शिकवणाऱ्या मॅडमनी माझं पान सगळ्या वर्गासमोर स्क्रीनवर मोठं करून दाखवलं. "ही भोकं बघा. टाइपरायटरवाल्यांची खोड." जुन्या मशीनवर बारीक अक्षर असो की रुंद, कागद सारखाच सरकतो, त्यामुळे वाक्याचा शेवट डोळ्याला दिसावा म्हणून दोन जागा. कॉम्प्युटर अक्षर पाहून जागा देतो, तिथे एक पुरते. दोन दिल्या आणि मजकूर दोन्ही कडांना सरळ केला, तर पानभर पांढऱ्या फटी पडतात. हे सगळं खरं आहे, सर. आजही खरं आहे. तुम्ही गेलात म्हणून मी आता तुमचंच बरोबर होतं असं म्हणणार नाही. माणूस मेला की त्याचं सगळंच बरोबर ठरवून टाकणारे लोक मला सहन होत नाहीत. त्या सभेत असे पुष्कळ होते.

पण बोटं तुम्ही घडवलेली. परत येऊन तहसीलजवळ दुकान टाकलं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, जे येईल ते. वाक्य संपलं की माझा अंगठा आपोआप पट्टीवर दोनदा पडतो. सोडवायचा किती प्रयत्न केला, सुटला नाही. शेवटी एक तोड काढली. काम पूर्ण झालं की मशीनला हुकूम द्यायचा: जिथे जिथे दोन जागा दिसतील तिथे एक कर, सगळीकडे. रिप्लेस ऑल. एक बटण, आणि तुमची दिवसभराची शिकवण साफ. ओटा पुसून स्वयंपाकघर बंद करावं तसं सोळा वर्षं मी रोज हे करत आले.

बाजाराच्या दिवशी तुम्ही दुकानात यायचात. बाकावर बसून चहा घ्यायचात आणि समोर पडलेला कोणाचाही कागद उचलून वाचायचात. मग आपलं सुरू व्हायचं.

"अक्षरं जाड-बारीक झाले म्हणून माणसाचा दम बदलला का?"

"सर, दमाचं राहू द्या. पान पाहा नं. भोकं पडते त्याच्यात."

"तुले भोकं दिसते, मले खिडक्या दिसते."

यावर मी चिडायची आणि तुम्ही दुसरा चहा मागवायचात. हे भांडण आपण एवढी वर्षं चालवलं आणि एकही दिवस कोणी जिंकलं नाही. आता वाटतं, आपल्या दोघांनाही ते संपवायचं नव्हतं. माझ्या दुकानात येऊन माझ्याशी कामाबद्दल भांडणारं दुसरं कोणी नव्हतं. बाकीचे "मॅडम, लवकर करा" एवढंच म्हणतात.

परीक्षा कॉम्प्युटरवर गेली आणि तुमची इन्स्टिट्यूट बंद पडली. तुमच्या मुलाने, प्रशांतने, अकरा मशिनी भंगारात दिल्या, एक तुम्ही हट्टाने ठेवून घेतली. ठेल्यावर एकीवर एक रचलेल्या मशिनींचा फोटो कोणी तरी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली दात काढून हसणारी चित्रं आली, एकामागून एक. "अंगठा वाचला पोरांचा," असं एकाने लिहिलं. त्याच माणसाला त्या सभेत तुमच्याबद्दल बोलताना हुंदका आला. रुमालही होता त्याच्याकडे, घडी न मोडलेला.

पण दुसऱ्यांवर थुंकून मी किती वेळ काढणार? माझ्याकडे येते.

या उन्हाळ्यात तुम्ही कापडी पिशवी घेऊन दुकानात आलात. आत चौऱ्याण्णव पानं, राहिलेल्या त्या एका मशीनवर टाइप केलेली. वर शीर्षक होतं, "टंकलेखनाची उजळणी". जन्मभर शिकवलेलं सगळं त्यात होतं.

"मले याची पुस्तिका करून पाह्यजे," तुम्ही म्हणालात. "अक्षर कोणतं, कव्हर कसं, ते तू जाणे. फक्त माह्या जागा खाऊ नोको."

"नाही खात, सर," मी म्हणाले.

आठ-दहा दुपारी मी ते टाइप करत होते आणि तुम्ही बाकावर डोळे मिटून बसला होता. उन्हाने डुलकी लागली असेल असं मला वाटायचं. माझा अंगठा प्रत्येक वाक्यानंतर दोनदा पडत होता. मला काही वेगळं करायची गरजच नव्हती. नुसती फाईल सेव्ह करून उठले असते तरी तुमचं म्हणणं पाळलं गेलं असतं.

शेवटच्या दिवशी दुकानात गर्दी होती. एका बाईंचा अर्ज मी छापून ठेवला होता. तुम्ही तो उचललात आणि सगळ्यांसमोर त्यांना म्हणालात, "पाह्य बाई, हिनं तुहा अर्ज एका दमात पळवला. साहेब वाचता वाचता पडन." लोक हसले. तुम्ही थट्टाच केली होती. पण माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, ज्या गोष्टीत मी बरोबर होते त्याच गोष्टीवर लोक मला हसले. तुम्ही घरी गेलात. मी शेवटचं पान टाइप केलं आणि तो हुकूम द्यायला गेले. सवयीने झालं, असं मी नंतर मनाला सांगून पाहिलं. ते खोटं आहे. बोट बटणावर ठेवून मी थांबले होते. तुमचा शब्द मला आठवला होता. मग मी दाबलं. एक हजार नऊशे बारा ठिकाणी बदल झाला, असं मशीनने सांगितलं, आणि मी त्याच नावाने फाईल सेव्ह केली. बरं वाटलं मला. तेव्हा काय वाटलं होतं हे लिहिताना आता ओकारी येते, पण बरं वाटलं होतं.

तीन दिवसांनी तुम्ही छापलेली पानं पाहायला आलात. पहिलं पान वाचलंत, दुसरं वाचलंत. तिसऱ्यावर नुसतं बोट फिरवलंत. मग चष्मा काढून विचारलंत, "हे तू केलं का मशीननं?"

माझ्या तोंडून निघालं, "मशीननं, सर. ते दोन जागा ठेवतच नाही. आपोआप एक करते. मी दोनच देल्या होत्या."

तुम्ही पानं नीट जुळवून माझ्या टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "मंग तू तरी काय करशीन वं." आणि माझ्यासाठी चहा सांगितलात.

मला रागावला असतात तर मी भांडले असते. तुम्ही तर माझी बाजू घेत गावभर फिरलात. झेरॉक्सवाल्याला, तहसीलच्या बाबूला, जो भेटेल त्याला सांगितलंत की पोरीनं लय कोशिश केली, मशीनच ऐकत नाही. लोक येऊन मला सांगायचे, मॅडम, सर तुमची फार तारीफ करतात. मी मान हलवायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आज संध्याकाळी जाऊन सांगून येऊ. तुमचं घर माझ्या दुकानापासून चालत सात मिनिटांवर.

पुढे तुम्हाला भंडाऱ्याला दवाखान्यात भरती केलं. मी आले होते. तुमचा हात सुजलेला, सुई लावलेली, बोटं चादरीवर हलत होती. तुम्ही विचारलंत, "पुस्तिका झाली का?" मी म्हणाले, कव्हर राहिलं आहे. खोलीत प्रशांत होता, नर्स होती, तेवढं निमित्त मला पुरलं. एवढं लहानसं खोटं आणि त्याला सांभाळायला मी किती जागा शोधत राहिले.

आणि याहून वाईट अजून आहे. तुम्ही गेलात त्याच दिवशी प्रशांत दुकानात आला, शोकसंदेश करून द्या म्हणाला. माझ्याकडे अशा संदेशांची तयार फाईल असते, फक्त नाव आणि फोटो बदलायचा. ती उघडली तर आधीच्या मयताचं नाव होतं, ते खोडून तुमचं टाकलं. वर दोन वाक्यं मनाने घातली, डोळ्यांत पाणी होतं. अंगठा प्रत्येक वाक्यानंतर दोनदा पडला. आणि शेवटी मी रिप्लेस ऑल मारलं. कार्ड छापून गठ्ठा प्रशांतच्या हातात दिल्यावर लक्षात आलं की मी काय केलं. आत मोरीवर जाऊन मी हात धुतले, साबण लावून, दोनदा.

सभेतून उठले ती सरळ तुमच्या घरी काकूंकडे गेले. त्या परसात एकट्याच बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, काही न लपवता. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे अक्षर पुसले का त्याईचे?"

"नाही काकू. अक्षर सगळे हायेत. मधातली जागा काढली."

"मंग मोकळ्या जागेसाठी कायले रडून राहिली वं? वाचता येते नं?"

वाचता येते, मी म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेव्हा मला कळलं की माझा गुन्हा ज्याला गुन्हा वाटला असता, असा एकच माणूस या गावात होता आणि त्याला आम्ही अकरा दिवसांपूर्वी पोचवून आलो. काकूंनी दिलेली माफी माझ्या काही कामाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी फाईल दुरुस्त करायला बसले. वाटलं, उलटा हुकूम देऊ, जिथे पूर्णविराम तिथे दोन जागा. दिला. तर "मु. पो. आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा" यात प्रत्येक टिंबानंतर फट पडली, पत्ता धापा टाकत चालल्यासारखा. "डॉ." आणि नाव यांच्यात फट, नियमाचा आकडा आणि नियम यांच्यात फट. मशीनला टिंब दिसतं, बोलणं संपलं की नाही ते समजत नाही. म्हणून तो बदल मागे घेतला, तुमची मूळ पानं शेजारी ठेवली आणि एक एक वाक्य वाचत हाताने जागा भरू लागले. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी पाच पानं, कधी सहा.

टाइप करणारा वाचत नसतो, हे तुम्हीच शिकवलं होतं. डोळ्यातून बोटात, मधे डोकं नको. त्यामुळे तुमचं पुस्तक मी अख्खं टाइप केलं होतं आणि त्यातलं एक वाक्यही वाचलं नव्हतं. ते आता वाचलं. बोटांना तेल कोणतं लावावं, डाव्या करंगळीचा आळस कसा घालवावा, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना सराव न देता जेवायला घालावं, हेही तुम्ही लिहून ठेवलं आहे. मला आठवलं, आम्हाला काकूंनी पिठलं-भात वाढला होता. आम्हाला वाटलं होतं की सरांना त्या दिवशी शिकवायचा कंटाळा आला.

एकसष्टाव्या पानावर शिक्षकांसाठी सूचना आहेत. तिथे मी थांबले. तुम्ही लिहिलं आहे: "चूक मुलाची की मशीनची, हे शिक्षकाला ऐकूनच कळलेले असते. तरी मुलाला विचारावे, हे तू केले की मशीनने. मुलाने मशीनचे नाव सांगितले तर वाद घालू नये. मशीनला तेल द्यावे आणि वाट पाहावी. मुलाला स्वतःहून येऊन सांगता आले पाहिजे."

सर, तुम्ही माझ्या बाकावर झोपलेले नव्हता. आठ-दहा दुपारी तुम्ही माझे दोन दोन ठोके ऐकत होतात. मशीनने दोन्ही जागा जशाच्या तशा उमटवल्या होत्या, हे तुमच्या कानांना माहीत होतं. त्या काढायला कोणाचं तरी बोट लागलं, हेही तुम्हाला कळलं असणार. तरीही तुम्ही गावभर मशीनलाच दोष देत हिंडलात, आणि माझी वाट पाहिलीत. त्या दिवसापासून तुम्ही जाईपर्यंत एक्केचाळीस दिवस होते. मी आज ते कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले.

कदाचित मी जास्तीचं समजून घेत असेन. तुम्हाला खरंच वाटलं असेल की मशीनच तशी. आता ते कळायला मार्ग नाही, आणि मला तो शोधायचाही नाही. दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी माझ्या तोंडचा हा वास तोच राहणार.

पुस्तिका परवा छापायला गेली. पानापानावर पांढऱ्या फटी दिसतात, छापखानेवाल्याने फोन करून विचारलं देखील. तशाच राहू द्या, म्हटलं. पहिल्या पानावर तुमच्या नावाखाली मी दोन ओळी घातल्या आहेत: यातल्या जागा आधी मी काढल्या होत्या, आणि मशीनने काढल्या असं सरांना खोटं सांगितलं होतं. खाली माझं नाव.

प्रशांतने ते पान वाचलं आणि गोंधळून गेला. "मॅडम, हे कायले टाकून राहिल्या? लोकं काय म्हणतीन? कोणाले समजन तरी का हे?"

कोणालाही समजणार नाही, हे मला माहीत आहे. तुमची पुस्तिका वाटली जाईल, लोक फोटो पाहून ती कपाटावर ठेवतील. पण तुम्ही माझ्या टेबलाशी उभं राहून, चष्मा हातात धरून मला एक गोष्ट विचारली होती आणि मी तिचं खरं उत्तर दिलं नव्हतं. मशीननं नाही, सर. मी केलं.